‘अनाथ’ औषध आणि ‘दुर्मीळ’ रोग : दोन संज्ञांचा इतिहास

१

वैद्यक आणि कायदा यांच्या सीमेवर गेल्या साठ वर्षांत ज्या संज्ञा रूढ झाल्या, त्यांत ‘अनाथ औषध’ आणि ‘दुर्मीळ रोग’ या दोन संज्ञा विशेष लक्ष वेधून घेतात. पहिली इंग्रजीतून शब्दशः उचललेली आहे. दुसरी इंग्रजी संज्ञेचे भाषांतर म्हणून मराठीत स्थिरावली आहे. या संज्ञा वापरताना आपण केवळ वस्तूला नाव देतो असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या व्याख्येवर कोणत्या रोग्याला औषध मिळावयाचे आणि कोणाला नाही, हे बऱ्याच अंशी ठरत आले आहे. म्हणून या दोन शब्दांच्या अर्थांतराचा इतिहास हा महाग औषधे सामान्य रोग्यापर्यंत पोहोचतात की नाही, याचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने त्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

प्रथम ‘अनाथ’ हा शब्द घेऊ. इंग्रजी ‘ऑर्फन’ हा शब्द ग्रीक ‘ऑर्फानोस’पासून आला असून त्याचा अर्थ ‘ज्याचे छत्र हरपले तो’ असा आहे. आपल्या ‘अर्भक’ शब्दातील ‘अर्भ’ हे त्याच मूळ धातुकुलातील रूप मानले जाते. संस्कृत ‘अनाथ’ शब्दाचा रोख मात्र निराळा आहे. ज्याला नाथ नाही, म्हणजे ज्याचा कैवार घेणारा कोणी नाही, तो अनाथ. त्यात आईबापांच्या मृत्यूपेक्षा रक्षणकर्त्याच्या अभावावर भर आहे. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

थॅलिडोमाइड या औषधामुळे यूरोपात हजारो बालके व्यंगे घेऊन जन्मली. त्या अनर्थानंतर अमेरिकेत १९६२ साली केफॉव्हर-हॅरिस दुरुस्ती संमत झाली आणि औषध केवळ निर्धोक असून भागेना. ते गुणकारी आहे हेही चाचण्यांनी सिद्ध करणे उत्पादकांना भाग पडले. हा नियम सर्वथा योग्यच होता. परंतु चाचण्यांचा खर्च वाढला, आणि ज्या औषधांना गिऱ्हाईक थोडे ती औषधे उत्पादकांनी बाजूला सारली. बहुतेक औषधांच्या चाचण्या प्रौढांवरच होत. बालकांसाठी त्यांचा विचार कोणीच करीत नाही, ही व्यथा हॅरी शर्की या बालरोगतज्ज्ञाने १९६८ सालच्या एका संपादकीय लेखात मांडली आणि अशा बालकांना त्याने ‘उपचारदृष्ट्या अनाथ’ म्हटले. येथे अनाथ आहे ते माणसाचे मूल.

पुढील पंधरा वर्षांत हे विशेषण मुलावरून औषधावर सरकले. ज्याचे उत्पादन करावयास कोणी पुढे येत नाही ते औषध ‘अनाथ’ म्हणवले जाऊ लागले. अर्थाचे असे स्थलांतर भाषेत नेहमीच घडते. येथे मात्र त्याचा परिणाम दूरगामी झाला. कैवार घ्यावयाचा तो कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर शब्दाबरोबरच बदलले.

३

४ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेत अनाथ औषधांचा कायदा अस्तित्वात आला. हेन्री वॅक्समन यांनी प्रतिनिधिगृहात तो पुढे रेटला. रोग्यांच्या नातलगांनी चिकाटीने लोकमत जागे केले. दूरचित्रवाणीवरील एका मालिकेच्या नायकाने, जॅक क्लगमन या नटाने, काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. या कायद्याने उत्पादकाला सात वर्षांची मक्तेदारी, चाचण्यांच्या खर्चावर करसवलत आणि संशोधनासाठी अनुदान देऊ केले. फळ लवकरच दिसले. १९८३ पूर्वीच्या दशकात उद्योगांनी अशी दहासुद्धा औषधे बाजारात आणली नव्हती. त्यानंतर त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. ज्या रोगांवर पूर्वी वैद्याला केवळ सांत्वन करता येत होते, त्यांतील काहींवर उपचार निघाले. या कायद्याचे हे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु त्याच्या व्याख्येत लगेच एक बदल झाला. मूळ कायद्यात अनाथ औषधाची कसोटी आर्थिक होती. ज्याच्या विक्रीतून खर्च भरून येण्याची वाजवी आशा नाही, ते अनाथ. हे सिद्ध करावयाचे तर उत्पादकाला आपले हिशेब उघडे करावे लागत. १९८४ साली या कसोटीच्या जोडीला संख्येची कसोटी आली. देशात ज्या रोगाचे रोगी दोन लाखांहून कमी आहेत, त्यावरील औषध आपोआप अनाथ ठरू लागले. रोगी थोडे म्हणजे तोटा निश्चित, असे कायद्याने गृहीत धरले. जपानने १९९३ साली पन्नास हजार रोग्यांची, तर यूरोपीय संघाने २००० साली दहा हजारांत पाच रोग्यांची मर्यादा घालून हाच मार्ग पत्करला. औषधाची किंमत किती असावी, याविषयी अमेरिकन कायदा मौन पाळून राहिला.

हे गृहीत किती फसवे होते, ते गोशे रोगाच्या उदाहरणावरून दिसते. फिलिप गोशे या फ्रेंच विद्यार्थ्याने १८८२ साली या रोगाचे प्रथम वर्णन केले. त्यात एका विकराच्या अभावी विशिष्ट स्निग्ध द्रव्य शरीरात साचते, प्लीहा व यकृत बेसुमार वाढतात, हाडे ठिसूळ होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रयोगशाळेत, रॉस्को ब्रेडी यांनी १९६० नंतरच्या दशकात हा अभाव शोधून काढला आणि बाहेरून विकर पुरविण्याची कल्पना तडीस नेली. १९९१ साली जेन्झाइम या कंपनीचे सेरिडेझ हे औषध मान्य झाले. ते मानवी वारेपासून काढीत आणि एका रोग्याच्या वर्षभराच्या औषधाला हजारो वारा लागत. त्यामुळे वर्षाला दीड लाख डॉलरांहून अधिक पडणारी त्याची किंमत समजण्यासारखी आहे, असे म्हटले गेले. १९९४ साली तेच विकर जनुकीय तंत्राने पेशींमध्ये तयार होऊ लागले आणि वारेची गरज संपली. किंमत मात्र त्या मानाने उतरली नाही.

याहून बोलके उदाहरण लँबर्ट-ईटन या स्नायुविकारावरील औषधाचे आहे. एक लहान कंपनी ते अनेक वर्षे रोग्यांना विनामूल्य देत असे. २०१८ साली दुसऱ्या एका कंपनीला त्याच द्रव्यासाठी अनाथ औषध म्हणून मान्यता व मक्तेदारी मिळाली आणि त्याची वार्षिक किंमत ३ लाख ७५ हजार डॉलर झाली. औषधाला नाथ मिळाला. रोगी अनाथच राहिला.

४

आता दुसऱ्या संज्ञेकडे वळू. इंग्रजी ‘रेअर’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘रारुस’ हे आहे. त्याचा अर्थ पातळ, अंतराअंतरावर पसरलेला. मराठीत त्याला ‘विरळ’ हा नेमका प्रतिशब्द उपलब्ध आहे. आपण मात्र ‘दुर्मीळ’ हा शब्द स्वीकारला. हिंदीने ‘दुर्लभ’ स्वीकारला. ‘दुर्’ हा उपसर्ग आणि ‘मिळणे’ हा धातू यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा अर्थ ‘मिळावयास कठीण’ असा आहे. रोग हा कोणी मिळवू पाहत नाही. तेव्हा त्याला दुर्मीळ म्हणणे काटेकोरपणे पाहता चूकच होय. परंतु भाषेची चूक कधी कधी वस्तुस्थिती अधिक अचूक सांगून जाते. रोग विरळ आहे. दुर्मीळ आहे ते औषध.

भारतात हा प्रश्न न्यायालयाच्या दारात उभा राहिला तो याच अर्थाने. गोशे रोगाने पीडित अशा एका रिक्षाचालकाच्या सात वर्षांच्या मुलाच्या वतीने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज झाला. औषध अस्तित्वात होते, त्याचा गुणही सिद्ध होता. परंतु त्याचा दरमहा खर्च बापाच्या मिळकतीच्या आवाक्याबाहेरचा होता. न्यायमूर्ती मनमोहन यांनी १७ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात आरोग्याचा हक्क अंतर्भूत असल्याचे प्रतिपादून, पैशाची अडचण पुढे करून शासनाला आपले मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही असे ठरविले आणि मुलाला औषध विनामूल्य देण्याचा आदेश दिला. ‘नाथ’ या शब्दाचा मूळ अर्थ या निर्णयात पुन्हा प्रकट झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर केंद्र शासनाने २०१७ साली राष्ट्रीय धोरण आखले, पुढच्याच वर्षी ते स्थगित केले आणि मार्च २०२१ मध्ये नवे धोरण जाहीर केले. या धोरणाची वर्गवारी अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगी आहे. देशात रोग्यांची विश्वसनीय गणना नसल्यामुळे त्यात संख्येवर आधारलेली व्याख्या केलेली नाही. त्याऐवजी तीन गट कल्पिले आहेत. एकदाच उपचार करून बरे होण्याजोगे रोग पहिल्या गटात, दीर्घकाळ परंतु तुलनेने अल्प खर्चाचे उपचार लागणारे दुसऱ्यात, आणि जन्मभर अतिशय महाग उपचार लागणारे तिसऱ्यात. १९८४ साली अमेरिकेत पैशाच्या कसोटीजोडीला संख्या आली. २०२१ साली भारतात संख्या नसल्यामुळे पैसा पुन्हा उघडपणे कसोटी झाला. फरक इतकाच की, तेथे उत्पादकाचा तोटा मोजला जात होता, येथे शासनाचा खर्च मोजला गेला.

प्रारंभी वीस लाखांपर्यंतचे साहाय्य पहिल्या गटालाच होते. तिसऱ्या गटाच्या वाट्याला प्रामुख्याने ऐच्छिक देणग्या गोळा करण्याची योजना आली. मे २०२२ पासून तिन्ही गटांना निवडक केंद्रांत, ज्यांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालयही आहे, पन्नास लाखांपर्यंत साहाय्य मिळू लागले. ही वाढ स्वागतार्ह होती. परंतु विकराची मात्रा शरीराच्या वजनावर ठरते. मूल वाढू लागले की औषध वाढते आणि ठरावीक रक्कम तितकीच लवकर संपते. ज्या घरात मुलाचे वजन वाढल्याचा आनंद आणि धास्ती एकाच वेळी होते, त्या घराची स्थिती कोणत्याही गटाच्या व्याख्येत बसत नाही.

५

किंमत ही निसर्गाने ठरविलेली नसते, हे अलीकडील दोन घटनांवरून स्पष्ट होते. स्पायनल मस्क्युलर अट्रोफी या रोगाच्या एका बालरुग्णासाठी मुंबईतील आईबापांनी लोकवर्गणीतून सुमारे सोळा कोटी रुपयांचे औषध मागविण्याचे ठरविले, तेव्हा त्यावरील सुमारे सहा कोटींचा कर फेब्रुवारी २०२१ मध्ये माफ करावा लागला. म्हणजे तोपर्यंत शासन हे अनाथाच्या वर्गणीतील वाटेकरी होते. दुसरी घटना त्याच रोगावरील रिसडिप्लॅम या औषधाची. रोश कंपनीच्या या औषधाची एक बाटली सुमारे सहा लाख रुपयांना पडे. नॅटको या भारतीय कंपनीला ते बनविण्यास अंतरिम मनाई करण्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये नाकारले. पेटंटाच्या वैधतेवर प्रथमदर्शनी शंका घेण्यास जागा आहे, असे न्यायालयास दिसले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने अपील फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने तीच बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आणली. दोन किमतींमधील ही चाळीसपटीची तफावत रोग्यांच्या विरळतेने उत्पन्न केलेली नव्हती. रोगी तेव्हाही तितकेच होते.

६

सारांश, ‘अनाथ’ हे विशेषण मुलावरून औषधावर गेले आणि त्याबरोबर संरक्षणही मुलाकडून औषधाकडे गेले. ‘विरळ’ या संख्यावाचक कल्पनेने कायद्यात घर केले आणि किमतीचा प्रश्न संख्येआड झाकला गेला. संशोधनाला उत्तेजन देणे अवश्यच आहे. त्यावाचून ही औषधे जन्मासच आली नसती. परंतु ते देताना किमतीची अट घातली नाही, तर औषध जन्मते आणि रोगी मरतो, ही विसंगती टळत नाही. परिभाषा घडविणारांनी आणि धोरण आखणारांनी एवढे जरी ध्यानात ठेवले की विशेषणाचा खरा विशेष्य रोगी आहे, तरी या चुकीच्या अन्वयाची दुरुस्ती सुरू झाली असे म्हणता येईल.