पाहणें आणि असणें

जें कोणी पाहिलें नाहीं, तें होतें असें म्हणतां येईल काय? आयर्लंडचा तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कले यानें १७१० सालीं असें प्रतिपादिलें कीं, जड वस्तूचें असणें म्हणजे तिचें कोणाच्या तरी मनाला प्रतीत होणें. आपल्या वेदान्तांतील दृष्टिसृष्टिवाद या मताचा जवळचा आप्त होय. हा वाद केवळ शाब्दिक वाटत असेल, तर वाचकांनीं आमच्याबरोबर बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या कांठावर यावें.

काळ्या पाषाणांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें वर्तुळाकार विवर आणि त्याच्या तळाशीं खारें सरोवर आहे. इंग्रजी लेखनांत याच्या ‘शोधा’चें श्रेय जे. ई. अलेक्झांडर या लष्करी अधिकाऱ्यास, १८२३ सालीं, दिलेलें आढळतें. मग सभोंवतींचीं जुनीं देवळें, लवणासुराची कथा आणि ‘ऐन-ई-अकबरी’तील नोंद यांची साक्ष कोणत्या न्यायानें बाद ठरते? आपण पाहिलें तेव्हांच वस्तु अस्तित्वांत आली, ही समजूत ‘शोध’ या शब्दांत नकळत शिरते. आणि मग दुसऱ्यांचे डोळे हिशेबांतून गळतात.

याहून बळकट पुरावा निराळाच आहे. पुष्कळ भूशास्त्रज्ञांनीं हें विवर प्रत्यक्ष पाहिलें व ज्वालामुखीचें मानलें. कारण सभोंवतींचा सारा खडक ज्वालामुखीचाच. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तळाखालील खडकांत प्रचंड आघातानें बनणारी मॅस्केलिनाइट नांवाची काच दाखविली, आणि उल्कापाताचा पक्ष सिद्ध झाला. असणें जर आमच्या पाहण्याच्या स्वाधीन असतें, तर तोंपर्यंत तेथें ज्वालामुखीच असावयास हवा होता, आणि ‘चूक’ या शब्दाला अर्थ उरला नसता. ईश्वर सदैव पाहत असतो, असें बर्कलेचें उत्तर आहे. पण त्यानेंही वस्तु मनुष्याच्या दृष्टीहून स्वतंत्रच ठरते.

ईश्वरकृष्णानें ‘सांख्यकारिके’त, असलेली वस्तु न दिसण्याचीं कारणें मोजलीं आहेत. अतिदूरता, सूक्ष्मता, आडपडदा यांच्या जोडीला सजातीय वस्तूंत मिसळून जाणें हेंही एक कारण त्यानें सांगितलें. लोणारास नेमकें हेंच घडलें: अग्निजन्य खडकांत आघाताची खूण लपून राहिली.

त्या आघाताचा काळ एका पद्धतीनें सुमारें ५० हजार वर्षांपूर्वीचा निघतो, तर दुसरीनें सुमारें ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा. आमचीं गणितें दोन आहेत. आघात मात्र एकदांच झाला, आणि तेव्हां त्याची नोंद ठेवणारा कोणी नव्हता. इतिहासाच्या अभ्यासकानें हें ध्यानीं धरावें. ज्यांची बखर कोणी लिहिली नाहीं, अशीं माणसेंही जगून गेलीं आहेत.