घराच्या बदल्यात घर

समजा, तुमच्याकडे राहायला घर आहे, पण ते विकता येत नाही, कारण ते सरकारचं आहे. भाडं अगदी नाममात्र, सहसा कुणी बाहेर काढणार नाही. मग पोरं झाली, नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, किंवा सरळ घटस्फोट झाला. आता काय करायचं?

सोव्हिएत युनियनमधल्या शहरांत अनेक पिढ्यांनी या प्रश्नाचं एकच उत्तर वापरलं : अदलाबदल. रशियनमध्ये 'ओब्मेन'. आपल्याकडे रेल्वेत दोन कर्मचारी म्युच्युअल ट्रान्सफर घेतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे नोकरीच्या जागी राहती खोली.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑगस्ट 1918 च्या हुकुमाने शहरांतल्या इमारतींची खासगी मालकी रद्द झाली. श्रीमंतांचे मोठे फ्लॅट खोली-खोली करून वाटले गेले. एका खोलीत एक कुटुंब, स्वयंपाकघर आणि संडास सगळ्यांत मिळून एक. हीच ती प्रसिद्ध 'कोमुनाल्का'. डिसेंबर 1932 मध्ये अंतर्गत पासपोर्ट आले आणि त्यासोबत 'प्रोपिस्का', म्हणजे तुम्ही कुठल्या पत्त्यावर राहता याची पोलिसांकडची नोंद. 1957 पासून ख्रुश्चेव्हच्या काळात पाच मजली इमारती धडाधड उभ्या राहिल्या, लाखो कुटुंबांना पहिल्यांदाच स्वतंत्र फ्लॅट मिळाला. पण सरकारी रांग वर्षानुवर्षांची. आणि माणशी चौरस मीटर मोजल्यावर तुमची जागा 'पुरेशी' निघाली, तर त्या रांगेत नावच लागायचं नाही.

म्हणून मग जे आहे तेच बदलायचं. हे काही चोरीछुपे नव्हतं बरं का! रशियाच्या 1983 च्या गृहनिर्माण संहितेत भाडेकरूचा हा हक्क स्पष्ट लिहिलेला होता. घरातल्या सज्ञान माणसांची लेखी संमती हवी, समोरचा भाडेकरू दुसऱ्या गावातला असला तरी चालेल. घरच्यांचं एकमत होत नसेल, तर त्यांच्यातला कुणीही कोर्टात जाऊन सक्तीची अदलाबदल मागू शकायचा. घटस्फोटित जोडप्यांसाठी ही तरतूद फार मोलाची, कारण नाहीतर घटस्फोटानंतरही त्याच खोलीत, मध्ये कपाट आडवं लावून राहायचं. अट एक : व्यवहार नफ्यासाठी किंवा नुसता कागदोपत्री नसावा. म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत. अर्थात चांगल्या जागेसाठी वरची रक्कम गुपचूप हातात ठेवली जायचीच.

या खेळात काही लोक किती पटाईत झाले असतील? बुल्गाकोव्हच्या 'मास्टर अँड मार्गारिटा' मध्ये (लिहिली 1928 ते 1940, छापली गेली 1966-67 मध्ये) एका पट्ठ्याचा किस्सा आहे. तीन खोल्यांचा फ्लॅट मिळतो. मध्ये भिंत घालून तो चार खोल्या करतो. त्या देऊन दोन फ्लॅट घेतो, एक तीन खोल्यांचा आणि एक दोनचा. झाल्या पाच. मग तीनवाल्याच्या बदल्यात दोन-दोन खोल्यांचे दोन फ्लॅट. सहा! पुढची चाल खेळायच्या आत मात्र त्याचे उद्योग एकाएकी थांबतात, का ते लेखक सांगत नाही. त्या काळच्या वाचकाला सांगायची गरजही नव्हती.

सामान्य माणसाची अडचण वेगळीच. मला तुमची खोली आवडली, पण तुम्हाला माझी आवडली पाहिजे ना! पैशाशिवाय चालणाऱ्या प्रत्येक बाजाराचं हेच दुखणं. मॉस्कोत घरबदलाच्या जाहिरातींचं खास बुलेटिन निघायचं. बान्नी गल्लीत अदलाबदलीचं सरकारी कार्यालय होतं, तिथे लोकांची झुंबड उडायची. दोघांचं थेट जुळत नसेल, तर साखळी : अ ला ब चं घर, ब ला क चं, क ला अ चं. एक जण मागे सरला की सगळी साखळी कोसळते. अशा साखळ्या जुळवून देणारे दलालही तयार झाले. 1977 च्या 'पो सेमेय्निम ओब्स्तोयातेल्स्त्वाम' या टीव्ही-विनोदपटात व्लादिमिर बासोव्हने असाच एक दलाल रंगवलाय.

आता आपल्या धंद्यातली गंमत. हा सरळसरळ ग्राफमध्ये सायकल शोधण्याचा प्रॉब्लेम आहे. 1974 मध्ये अमेरिकेत लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी एक पेपर लिहिला. त्यातलं उदाहरण कसलं, तर प्रत्येकाकडे एकेक घर आहे आणि पैसा मध्ये न आणता अदलाबदल करायची आहे! त्यातली युक्ती त्यांनी डेव्हिड गेलच्या नावावर दिली आहे. प्रत्येकाने आपल्याला सगळ्यांत आवडलेल्या घराच्या मालकाकडे बोट दाखवायचं (स्वतःकडे दाखवलं तरी चालेल). माणसं मोजकीच, त्यामुळे बोटं धरून चालत गेलात की कुठेतरी वर्तुळ पूर्ण होणारच. त्या वर्तुळातल्यांना हवी ती घरं देऊन मोकळं करायचं, उरलेल्यांनी पुन्हा बोटं दाखवायची. शेवटी कुणीही आपल्या मूळ घरापेक्षा नावडत्या घरात जात नाही. दहा मिनिटांत कोड होईल. याच विचारातून पुढे किडनीच्या अदलाबदलीच्या योजना उभ्या राहिल्या आणि 2012 मध्ये शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग मॉस्कोला एक चांगला कॉम्प्युटर मिळाला असता तर प्रश्न सुटला असता का? मला नाही वाटत. एक तर तिथे एकास एक असा हिशोब नव्हताच. घटस्फोटितांना एकाची दोन करायची असायची, सासू-सुनेला दोनाचं एक. आणि ज्याच्याकडे काहीच नाही, तो बोट तरी कशाच्या जोरावर दाखवणार? पण खरी गोची याहून खोल आहे, आणि ती 1969 मध्ये युरी त्रिफोनोव्हने 'ओब्मेन' याच नावाच्या लघुकादंबरीत मांडली.

तिचा नायक दमित्रियेव. त्याच्या आईला कॅन्सर झालाय. आई वेगळ्या खोलीत राहते, आणि ती गेली की खोली सरकारजमा होणार, कारण भाड्याची जागा वारसाने मिळत नाही. तिथे ज्याची नोंद आहे, त्यालाच ती राहते. इतकी वर्षं सासूशी न पटलेली त्याची बायको अचानक म्हणते, आपण दोन्ही जागा देऊन एक मोठा फ्लॅट घेऊ, आईंना जवळ आणू. हिशोब अगदी बरोबर आहे, त्रास तोच आहे. आता मरणाऱ्या आईला हे विचारायचं कसं? विचारलं की तिला कळणार, आपल्याकडे फार दिवस नाहीत. तो विचारतो. आई आधी नकार देते, त्याला सुनावते की तू तर आधीच बदलून चुकला आहेस. नंतर ती तयार होते. अदलाबदल होते आणि थोड्याच दिवसांत आई जाते.

ही बायको दुष्ट आहे असं म्हणून मला सुटता येत नाही. नियमच असा होता की न मागितलं तर खोली गेली. बाजारात पैसा नसला म्हणजे हाव नसते, असं आपल्याला उगाच वाटतं. तिथे पैशाच्या जागी नाती आली. लग्न, घटस्फोट, आजीचं वय, सगळ्याला चौरस मीटरमध्ये किंमत लागली.

जुलै 1991 च्या कायद्याने रशियात भाडेकरूंना आपली घरं स्वतःच्या नावावर करून घेता आली आणि हळूहळू खरेदी-विक्रीने अदलाबदलीची जागा घेतली. पण ही पद्धत फक्त कम्युनिस्टांची, असंही नाही. इंग्लंडमध्ये 1985 च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम 92 नुसार कौन्सिलचे भाडेकरू घरमालक संस्थेच्या लेखी संमतीने घरं बदलू शकतात, आणि संस्थेला 42 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 2013 मध्ये जास्तीच्या एका बेडरूममागे घरभाडे-मदत 14 टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर 25 टक्के कापायला सुरुवात झाली, तेव्हा लहान घर शोधणं अनेकांना भाग पडलं. अदलाबदलीने नवीन घर एकही तयार होत नाही हे खरं. पण माणूस हव्या त्या जागी पोचतो, हेही थोडं नाही.

फक्त कोड लिहिताना एवढं लक्षात ठेवावं की आपण ज्याला एक नोड म्हणतो, त्याच्या आत तीन-चार माणसं राहत असतात. शॅप्ली-स्कार्फच्या पेपरच्या पाच वर्षं आधी त्रिफोनोव्हने नेमकं तेच लिहून ठेवलं होतं.