अस्थिखनिज : इनामगावचा पुरावा

मानवी अस्थीच्या वजनाचा सु. दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइटासारखे स्फटिकी कॅल्शियम फॉस्फेट होय. कार्बोनेटाच्या मिश्रणामुळे ते शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइटापेक्षा अधिक विद्राव्य असते. त्यामुळे शरीर ते सतत विरघळवू व पुन्हा घडवू शकते. अस्थीची रचना ही म्हणूनच व्यक्तीच्या पोषणाची नोंद ठरते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर-दौंड परिसरात या नोंदीचा मोठा संग्रह उपलब्ध झाला आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी हे त्यातील प्रमुख संशोधक होत. येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तीन कालखंड (सु. इ. स. पू. १६००–७००) मानले जातात. मृत बालकांना तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची प्रथा येथे होती. त्यामुळे एरवी लवकर नष्ट होणाऱ्या कोवळ्या अस्थीही मोठ्या संख्येने अभ्यासास मिळाल्या.

उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या व शेती खालावली. पर्जन्यमान घटल्याने हा ऱ्हास झाला, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. सु. रा. वाळिंबे व जॉन ल्यूकाक्स यांनी सांगाड्यांचा सविस्तर अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी बालकांच्या अस्थींची वाढ व घनभागाचे प्रमाण तपासून उत्तर जोर्वे काळातील कुपोषण दाखवून दिले. मात्र २०११ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी केवळ हवामानबदलाचे कारण पुरेसे मानले नाही. दफनानंतर मातीतील द्रव्ये अस्थीत शिरतात. त्यामुळे रासायनिक विश्लेषणाचे निष्कर्ष जपून काढावे लागतात.

हीच विद्राव्यता आधुनिक शल्यचिकित्सेत उपयोगी पडते. एफ. एच. ऑल्बी व एच. एफ. मॉरिसन यांनी १९२० मध्ये कॅल्शियम फॉस्फेटाने अस्थी लवकर सांधते, असे प्रयोगान्ती नोंदविले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच वर्गातील सच्छिद्र मृत्तिकाद्रव्ये व शरीरात घट्ट होणारी सिमेंटे तयार झाली. भारतात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने अशी द्रव्ये विकसित केली. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळते व त्याची जागा नवी अस्थी घेते, तर भाजलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट दीर्घकाळ टिकते. छिद्रांत प्रतिजैविक भरल्यास ते रोगस्थानीच सावकाश स्रवते. तथापि ही द्रव्ये ठिसूळ असल्याने शरीराचा भार पेलणाऱ्या जागी त्यांना धातूच्या पट्टीचा वा खिळ्याचा आधार द्यावा लागतो. नैसर्गिक अस्थीस चिवटपणा देणारे कोलॅजेन तंतू त्यांत नसतात, हे त्याचे कारण होय.