मला भाऊ, माझ्याकडे घोडा

आपण 'मला भाऊ आहे' म्हणतो, पण 'माझ्याकडे घोडा आहे'. नातं वेगळं, मालमत्ता वेगळी. बाल्कनच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणाऱ्या आरोमानियन लोकांच्या भाषेतही नात्याचा मान निराळा: 'फ्राते-सु' म्हणजे त्याचा भाऊ, सर्वनाम थेट भावाला चिकटलेलं. (फ्राते म्हणजे आपल्या 'भ्राता'चाच दूरचा भाऊबंद.) बल्गेरियनमध्ये 'मायका मी' म्हणजे माझी आई, पण तो 'मी' मुळात 'मला'! ग्रीक 'मू'ही दोन्हीकडे चालतो. आरोमानियनमध्ये षष्ठी-चतुर्थीचं रूप एकच. शेजारच्या भाषांची ही जवळीक कोपितारने १८२९ मध्येच हेरली होती. कोणी कोणाचं उचललं, हे भांडण मात्र मिटलेलं नाही. मला त्यात पडायचं नाही, कारण आपल्या प्राकृतातही षष्ठीने चतुर्थीचं घर बळकावलंच होतं. त्यासाठी ग्रीक शेजारी लागला नाही.