बोंडापासून भोंग्यापर्यंत

वेचणीच्या दिवसांत आपण ओटीतला कापूस काट्यावर टाकतो, किलोवर मजुरी घेतो आणि घरी येतो. आपल्यापुरता तो कापूस तिथेच संपतो. आज आम्ही अमडापूरच्या बायका तुम्हाला त्याच्या जुन्या वाटेने घेऊन जाणार आहोत. ही वाट खामगावच्या बाजारातून थेट समुद्रकाठच्या मुंबईला जायची.

मुंबई म्हणजे मुळात सात बेटं. समुद्रात भर घालून ती जोडली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी तिथे पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली आणि १८७० साली जलंबपासून खामगावला फाटा आला. तो मुख्यतः कापसासाठीच.

लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले. भोंगा झाला की चाळी जाग्या व्हायच्या. रविवारची सुट्टीसुद्धा कामगारांना झगडून मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने ती १८९० साली सुरू झाली.

गिरणीत बायकाही होत्या. शंभर वर्षांपूर्वी साधारण पाच कामगारांत एक बाई असायची. त्या सूत उकलायच्या, गुंडाळायच्या. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. पण भत्ता द्यावा लागतो आणि रात्रपाळीला बाईला बोलावता येत नाही, म्हणून मालक बायका घेईनासे झाले. नवी यंत्रंही आली. हळूहळू हजेरीपटावरून बायकांची नावं गेली.

नावं गेली, काम मात्र गेलं नाही. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेल्या हजारो गड्यांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या एका खोलीत बायकांनी खानावळी चालवल्या. पहाटे उठायचं, भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे डबे भरायचे. पैसे महिन्याच्या पगाराला. संपात कामगाराचा पगार थांबायचा, पण या बायकांची चूल चालूच. त्यासाठी सावकाराचं कर्ज त्यांच्या डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. लाखाच्या वर माणसं कामाला मुकली, त्यांच्याबरोबर खानावळवाल्यांची चूलही विझली.

मग प्रश्न आला जमिनीचा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा शहराला आणि घरांना मिळायचा होता. २००१ साली नियम बदलला आणि तो वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या. अर्ज करायला गिरणीत काम केल्याचा कागद लागतो. ज्याचं नाव हजेरीपटावर, त्याचा हक्क. वर्षानुवर्षं त्याला जेवू घालणारीचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. आणि ज्यांनी वऱ्हाडात कापूस वेचला, त्यांची तर कुणी मोजदादच केली नाही.

त्या शहराच्या कापडात आपल्या आज्या-पणज्यांच्या बोटांचं काम आहे, असं आम्हाला वाटतं. म्हणून आमच्या गटाने एक वही घातली आहे. कोणी, कुणाच्या शेतात, किती किलो वेचलं, काय भाव मिळाला, ते रोज संध्याकाळी लिहायचं. जिला लिहिता येत नाही, तिचं दुसरीने लिहायचं. तुमच्याही गटात अशी वही घाला, बायांनो.