रॉइसडाल, याकोप व्हान
(सु. १६२८–मार्च १६८२). डच निसर्गचित्रकार. जन्म हार्लेम येथे. वडील ईसाक चित्रांच्या चौकटी बनवीत व चित्रेही काढीत. चुलते सालोमोन हे नामवंत निसर्गचित्रकार. १६४८ मध्ये तो हार्लेमच्या चित्रकार-संघाचा सदस्य झाला. १६५० च्या सुमारास त्याने जर्मन सीमेवरील बेंटहाइमचा किल्ला पाहिला आणि पुढे तो अनेकदा रंगविला. प्रत्यक्षात बुटक्या टेकडीवर असलेला हा किल्ला त्याच्या चित्रांत उंच डोंगरावर चढतो. १६५७ च्या सुमारास तो ॲम्स्टरडॅमला स्थायिक झाला. माइंडर्ट होब्बेमा हा त्याचा शिष्य.

त्याच्या चित्रांचा खरा नायक आकाश आहे. हार्लेमच्या दृश्यांत कापड उन्हात पांढरे करण्याची मैदाने व क्षितिजावरचे सेंट बाव्हो चर्च खालच्या अरुंद पट्ट्यात मावतात. उरलेला सारा पट ढगांचा. त्या ढगांच्या सावल्या जमिनीवर सरकत असल्याचा भास होतो. ‘वाइक बाय ड्यूरस्टेडे येथील पवनचक्की’ (सु. १६७०) या चित्रात साधी पवनचक्कीही भव्य भासते. ‘ज्यूंची दफनभूमी’मधील थडगी खरी आहेत, पण भग्न वास्तू व ओढा कल्पनेतले. नॉर्वेकडचे धबधबे त्याने स्वतः न पाहता ॲलार्ट व्हान एव्हरडिंगेनच्या चित्रांवरून रंगविले.

जर्मन कवी गटेने त्याच्यातील कवीवर लेख लिहिला, तर इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने त्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. रॉइसडालचे दफन हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमध्ये झाले.