फ्रॉम अ लॉजिकल पॉइंट ऑफ व्ह्यू

अमेरिकन तत्त्वज्ञ आणि तर्कशास्त्रज्ञ विलर्ड व्हॅन ऑर्मन क्वाइन (१९०८–२०००) यांचा तर्कशास्त्र व भाषा या विषयांवरील नऊ निबंधांचा संग्रह. हार्व्हर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. सुधारित आवृत्ती १९६१ मध्ये निघाली. शीर्षक एका कॅलिप्सो गाण्यावरून सुचलेले आहे.

यातले बरेचसे लेखन आधी निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते. पुस्तक करताना क्वाइन यांनी काही लेख एकमेकांत मिसळून नव्याने लिहिले, काहींना पुरवण्या जोडल्या. त्यामुळे अर्थ म्हणजे काय आणि बोलताना आपण कशाकशाचे अस्तित्व मान्य करून बसतो, हे दोन प्रश्न निबंधागणिक वेगळ्या बाजूने पुढे येतात. संग्रहाचे खरे मोल या सलगतेत आहे.

सर्वाधिक गाजला तो १९५१ चा ‘टू डॉग्माज ऑफ एम्पिरिसिझम’. केवळ शब्दार्थामुळे सत्य ठरणारी विश्लेषक विधाने आणि वस्तुस्थितीमुळे सत्य ठरणारी संश्लेषक विधाने हा भेद तार्किक अनुभववाद्यांना पायाभूत वाटे. ‘प्रत्येक विधुराची पत्नी वारलेली असते’ हे विधान घ्या. ते शब्दार्थानेच खरे आहे, असे आपण चटकन म्हणू. पण ‘विधुर’ आणि ‘ज्याची पत्नी वारली आहे असा पुरुष’ हे समानार्थी आहेत हे कशावरून? पुन्हा लग्न केलेल्या माणसाला आपण विधुर म्हणत नाही. कोश उघडावा, तर कोशकारानेही लोकांचा वापर पाहूनच अर्थ नोंदलेला असतो. समानार्थकतेची व्याख्या करू गेले की विश्लेषकतेचाच आधार घ्यावा लागतो आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो. क्वाइन यांचा आक्षेप या चक्रावर आहे. सुटे विधान अनुभवाशी ताडून पाहता येते, हे गृहीतही त्यांनी नाकारले. त्यांच्या मते अनुभवाच्या कसोटीला उतरते ते आपले एकूण ज्ञान. तत्त्वज्ञ ग्राइस आणि स्ट्रॉसन यांनी १९५६ मध्ये या निबंधाला उत्तर दिले: हा भेद जाणकार नव्या उदाहरणांनाही एकमताने लावू शकतात, तेव्हा त्याची नेमकी व्याख्या जमली नाही म्हणून तो नाहीच असे ठरत नाही. हे उत्तर आजही वजनदार वाटते.

हा निबंध एकटाच वाचला की क्वाइन यांनी अर्थाची कल्पना मोडीत काढली, एवढेच मनात राहते. लगेच पुढचा निबंध कोशकार आणि व्याकरणकार अर्थाविषयी प्रत्यक्षात कोणते काम करतात याची चौकशी करतो. तो वाचल्यावर टीकेचा रोख कळतो: अर्थ नावाची वस्तू न मानताही भाषेचा अभ्यास चालू शकतो.

‘ऑन व्हॉट देअर इज’ (१९४८) या पहिल्या निबंधात पंखांचा घोडा पेगॅसस येतो. तो नाही असे म्हणण्यासाठी तो आधी कोणत्या तरी रूपात असावा लागतो काय? तत्त्वज्ञ रसेल यांच्या वर्णनांच्या सिद्धांताने नावाच्या जागी वर्णन ठेवून उकल केली की हा पेच सुटतो, आणि एखादा सिद्धांत काय काय अस्तित्वात मानतो हे त्यातील चलांच्या मूल्यांवरून ठरते.

‘रेफरन्स अँड मोडॅलिटी’ आवश्यकतेच्या तर्कशास्त्रावर घाव घालतो. ९ ही संख्या ७ पेक्षा आवश्यकपणे मोठी आहे. ग्रहांची संख्या ९. म्हणून ग्रहांची संख्या आवश्यकपणे ७ पेक्षा मोठी म्हणावी काय? तसे म्हणवत नाही. ग्रह कमीही असू शकले असते. म्हणजे ‘आवश्यकपणे’ हा शब्द आला की एकाच संख्येच्या दोन उल्लेखांची अदलाबदल चालत नाही. २००६ मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून वगळला गेला आणि उदाहरणातला आकडाच बदलला, युक्तिवादाला मात्र धक्का लागला नाही. त्याला सर्वांत समर्थ उत्तर पुढे तत्त्वज्ञ सॉल क्रिप्के यांच्याकडून, १९७० च्या प्रिन्स्टन येथील व्याख्यानांतून आले.

‘न्यू फाउंडेशन्स’ (१९३७) हा संग्रहातला सर्वांत जुना आणि सर्वांत तांत्रिक निबंध. त्यात मांडलेल्या संचप्रणालीत निवडीचे गृहीतक (अरिक्त संचांच्या कोणत्याही समूहातील प्रत्येक संचातून एकेक घटक निवडता येतो, हे तत्त्व) टिकत नाही, हे गणितज्ञ स्पेकर यांनी १९५३ मध्येच, म्हणजे संग्रह निघाला त्याच वर्षी, सिद्ध केले.